फळीखालच्या बॅटऱ्या

भूम, १२ जानेवारी १९५८

उस्ताद सरदारमियाँ यांना बब्रुवानचा सलाम.

अक्षर ओळखलं असेल, तर पत्र फाडायच्या आधी मागच्या पानावरचं चित्र तेवढं बघा. बाकी मजकूर नाही वाचला तरी चालेल.

पत्ता सोलापूरच्या टायरवाल्या वजीरनं दिला. तो म्हणाला, हैदराबादेत नामपल्लीजवळ तुमचं परत बॅटऱ्यांचंच दुकान आहे. ऐकून बरं वाटलं. दहा वर्षांत मी एक ओळ लिहिली नाही. आधी पत्ता नव्हता, आणि मग लिहायचं काय ते सुचेना. आता तर तुमचं हैदराबाद आंध्रात गेलं आणि आमचं उस्मानाबाद मुंबई राज्यात. माझी उर्दू शाळेतली, ती गंजली. तुम्हाला बाळबोध वाचता येतं म्हणून मराठीत लिहितोय.

पोलीस अ‍ॅक्शनच्या त्या दंग्यात मी गावात नव्हतो, उस्ताद. मावशीकडं वाशीला होतो. नाहीतर काहीतरी केलं असतं. असो.

कामाचं लिहितो. मी आता वीरप्पा नावाच्या माणसाकडं ड्रायव्हर आणि मिस्त्री आहे. माणूस मुरूमकडचा. दंतमंजन आणि वातावरचं तेल बाजारोबाजार फिरून विकतो. लष्कराच्या लिलावातला दोन चाकांचा बंद डबा त्यानं घेतलाय, तो जीपच्या मागं जोडतो. त्या डब्यातच त्याचं घर आहे. तो आणि त्याची बायको प्रेमाबाई तिथं निजतात, तिथंच स्वयंपाक, तिथंच मंजनाच्या बाटल्या. मी जीपमध्ये निजतो. प्रेमावहिनी माइकवर गाणं म्हणतात. माणसं गोळा झाली की वीरप्पा बोलायला लागतो. आवाज असा की बाजाराच्या पलीकडच्या टोकाचे बैल कान टवकारतात.

आतापर्यंत कर्णा साधा होता. आता वीरप्पानं मोठा अँप्लिफायर आणलाय. तो घरच्या लाइटीवर चालणारा आहे, बॅटरीवर नाही. म्हणून बॅटरीच्या विजेची घरच्यासारखी वीज करणारा कन्व्हर्टर घेतला. आत चाक फिरतं आणि ब्रश असतात. चालू केला की ब्रशांपाशी निळ्या ठिणग्या दिसतात. ट्रकच्या दोन बॅटऱ्या आहेत, आणि त्या भरायला छोटं पेट्रोलचं इंजन.

जागा एवढीशी. वीरप्पा म्हणतो, निजायच्या फळीखाली लाकडी पेटी आहे, तिच्यात बॅटऱ्या ठेव आणि त्यांच्या वरच्या खणात कन्व्हर्टर बसव. तार कमी लागते, धूळ बसत नाही, आणि झाकण लावलं की वर अंथरूण. माझं मन घेत नाही. पण का घेत नाही ते मला त्याला पटेल असं सांगता येत नाही. तुम्ही सांगायचात ते अर्धंमुर्धं आठवतंय. डब्याचं चित्र मापासकट काढलंय. कुठं काय बसवायचं तेवढी खूण करून पाठवा.

भाबीजान खातूनबींना सलाम. मी लग्न केलं नाही अजून.

तुमचा
बब्रुवान

*

भूम, ९ फेब्रुवारी १९५८

उस्ताद,

पाकीट मिळालं. मी पोस्टाच्या पायरीवरच उघडलं. आत माझंच चित्र, त्यावर तुमची लाल पेन्सिल. शब्द एकही नाही, सलामसुद्धा नाही, फक्त मापं. माझी तक्रार नाही. ती लाल रेघ बघून मला चौदा वर्षांचा असल्यासारखं वाटलं.

सगळं समजलं. फळीखालच्या पेटीवर फुली. बॅटऱ्या डब्याच्या बाहेर, जोडदांड्यावर, वेगळ्या पेटीत. त्या पेटीला खाली आणि वर दोन्हीकडं भोकं. कन्व्हर्टर आत, डब्याच्या पुढच्या भिंतीच्या अलीकडं, जमिनीपासून हातभर उंच, चारी बाजूंनी वारा लागेल असा. बॅटऱ्यांच्या डोक्यावर कधीच नाही. तार जाड आणि आखूड. पत्र्यातून जाते तिथं रबराचं कडं. फ्यूज बॅटरीजवळ. चित्र बघताना तुमचं बोलणंच ऐकू आलं. "बॅटरी भरती तब गॅस छोडती बेटा. हवा से हल्का रहता, ऊपर चढता. ऊपर कोई चिंगारी बैठी मिली तो खेल खतम."

मी ते चित्र वीरप्पाला दाखवलं. तो मंजन कुटत बसला होता. हात पुसून त्यानं नीट बघितलं, आणि म्हणाला,

"बाहेर ठिवलं तर भर बाजारात कोन राखनार? भुरटे काढून न्हेतात की!"

मी म्हणालो, कुलूप लावू.

"आन् दांड्यावर वजन आलं की डबा पुढं झुकतो. चढावर तूच बोंबलशील. हैदराबादेत बसून चित्र काढायला काय जातंय? आमी रस्त्यावर ऱ्हातो."

मी म्हणालो, मालक, फळीखाली धोका आहे. तो म्हणाला, धोका कशात नाही. जीपच्या पेट्रोलच्या टाकीवर तू निजतोस, ते? पण मी परत बोलतो त्याच्याशी. माणूस वाईट नाही, बायकोला जपतो. तिला खोकला आला तर दोन दिवस बाजार करत नाही. ऐकेल.

बब्रुवान

*

कळंब, ३ मार्च १९५८

उस्ताद,

काम झालं. तुमच्या चित्राबरहुकूम पेटी बाहेर बसवली. भोकं पाडली, फ्यूज लावला. वीरप्पानं थोडी कुरकुर केली, पण शेवटी ऐकलं.

अँप्लिफायर असा वाजतो की काय सांगू. येरमाळ्याच्या बाजारात प्रेमावहिनींनी जात्यावरची ओवी म्हटली, तर मिरच्या विकणाऱ्या बायका दुकानं उघडी टाकून आल्या. एका म्हातारीनं कर्ण्याच्या तोंडात हात घालून बघितला, आत कोण बसलंय म्हणून. वहिनी एवढ्या हसल्या की पुढची ओळच विसरल्या.

वहिनी मला भाऊ म्हणतात. सकाळी पहिली भाकरी माझी. माइक हातात घेतल्यावर आधी फुंकर मारून बघतात. मी सांगितलं, फुंकर मारू नका, टिचकी मारा. पण त्यांना तीच सवय.

तुमची तब्येत कशी आहे ते एक ओळ लिहिलीत तर बरं होईल. नाही लिहिलीत तरी हरकत नाही.

बब्रुवान

*

भूम, २१ एप्रिल १९५८

उस्ताद,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पेटी बाहेर बसवलीच नव्हती.

वीरप्पा ऐकेना. मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा बोललो नाही. बॅटऱ्या फळीखालीच ठेवल्या आणि त्यांच्यावरच्या खणात कन्व्हर्टर बसवला. माझ्या या हातांनी. पेटीच्या फळीला बोटभर चार भोकं पाडली आणि मनाची समजूत घातली. वीरप्पाला एक नियम सांगितला. बॅटऱ्या भरत असताना कन्व्हर्टर चालू करायचा नाही. आधी इंजन बंद, मग दोन्ही दारं उघडी, अर्धा तास वारा, मगच बटन. तो म्हणाला, बरं. महिनाभर आम्ही ते पाळलं. म्हणजे मी असलो की पाळलं.

तुमचं चित्र घडी करून माझ्या खिशात होतं. दहा वर्षांनी तुमचा कागद आला होता. तो मी पाळला नाही हे लिहायला हात धजला नाही.

अकरा तारखेला पहाटे आम्ही पाथरूडच्या अलीकडं माळावर उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी भूमला बाजार करायचा होता. येताना चढावर जीप तापली होती. मी पाण्याच्या पिंपातलं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. भरपूर ओतलं, एकदा नाही तर दोनदा. म्हटलं, पुढं विहीर आहे, भरून घेऊ.

त्याच दिवशी सकाळचे दहा वाजले असतील. वावटळ सुटली होती म्हणून वहिनींनी डब्याची दोन्ही दारं आतून लावून घेतली होती. भरायचं इंजन वीरप्पानं उजाडल्यापासून बाहेर चालू ठेवलेलं. मी जीपच्या सावलीत बसून जादा चाकाच्या ट्यूबला ठिगळ लावत होतो. वीरप्पा तिकडं निवडुंगाच्या आडोशाला मंजनाच्या पुड्या बांधत होता. तिथून त्यानं हाक मारली,

"प्रेमा, माइक बघ गं वाजतोय का! काल खरखर करत हुता."

ते मी ऐकलं, उस्ताद. कानांनी ऐकलं, पण ट्यूब हातात होती. इंजन चालू आहे, दारं बंद आहेत, हे डोक्यात जुळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. "वहिनी, थांबा!" म्हणून मी उठलो, तोवर आत बटन दाबलं गेलं होतं.

खाणीत सुरुंग उडतो तसा आवाज झाला. मागचं दार बिजागरीसकट निखळून पडलं. पेटीचं झाकण छताला लागून फुटलं होतं. वहिनी फळीच्या कडेला बसल्या होत्या, वाकून बटन दाबायला. बॅटऱ्यांच्या ठिकऱ्या आणि तेजाब सगळं तोंडावर. त्या ओरडल्या नाहीत. दोन्ही हात पुढं करून चाचपडत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कुनी कंदील का इझवला?" सकाळचे दहा, उस्ताद. ऊन फटफटीत पडलेलं.

तुम्ही शिकवलेलं मला आठवलं. तेजाब आँख में गया तो दवा नक्को ढूंडो, पानी ढूंडो, घंटाभर पानी. मी पिंपाकडं धावलो. पिंप जवळजवळ कोरडं. तळाला तांब्याभर होतं. बाकीचं सगळं जीपच्या पोटात होतं, मीच ओतलेलं. घागरीत अर्धं होतं. ते मी वहिनींच्या डोळ्यांवर ओतलं, वीरप्पा त्यांचं डोकं धरून होता. अर्धी घागर किती वेळ पुरते? माझी मोजणी शंभरापर्यंतसुद्धा गेली नाही.

घागर घेऊन विहिरीकडं पळालो. विहिरीत तळाला खडकात ओंजळीएवढा पाझर. एक म्हातारी पोहऱ्यात वाटी वाटी भरत बसली होती. कोंडाबाई तिचं नाव, नंतर कळलं. तिच्यापुढं पहाटेपासून साठवलेली एक घागर, गळ्यापर्यंत भरलेली. नुसतं "डोळं, डोळं" म्हणालो. म्हातारीनं घागर पुढं सरकवली. म्हणाली, "ने बाबा, मी बसते परत." घरात तिची बाळंतीण लेक पाण्याची वाट बघत होती म्हणे.

तेवढ्यानं धुतलं. मग भूमच्या दवाखान्यात, तिथून बार्शी, तिथून सोलापूर. दार निखळलेला डबा तिथंच सोडून जीप हाकली. वीरप्पा मागं बायकोचं डोकं मांडीवर घेऊन कानडीत काहीतरी पुटपुटत होता. सोलापूरपर्यंत तेच.

पोलिसांनी विचारलं. वीरप्पानं अपघात सांगितला. माझ्याकडं बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

बब्रुवान

*

सोलापूर, १८ मे १९५८

उस्ताद,

तुमचं उत्तर नाही. मी वाट बघत नाही, पण पोस्टमन दिसला की उभा राहतो.

डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि अंधार एवढं कळेल, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, साहेब, आणखी पाणी लगेच मिळालं असतं तर? डॉक्टर भले माणूस. म्हणाले, आता ते विचारून काय करणार? म्हणजे काय ते मी समजलो.

इस्पितळाच्या आवारात धर्मशाळा आहे, तिथं राहतो. वहिनींची आई मथुराबाई लोहाऱ्याहून आलीय. ती भाकऱ्या करते, मी औषध आणतो, पट्ट्या धुतो. त्याउपर मला करण्यासारखं काही नाही. बसून राहतो. वॉर्डातली माणसं विचारतात, तुम्ही कोण? नवरा का भाऊ? मी म्हणतो, ड्रायव्हर.

वीरप्पा रोज येतो आणि दारात उभा राहतो. आत येत नाही. त्याच्या अंगाला लवंगेचा वास असतो, मंजनाचा. वहिनींना तो लगेच कळतो. काल त्या म्हणाल्या,

"या की आत. खाट चावत न्हाय."

तो तसाच उभा राहिला. हातातली संत्री खाली पडली, ती गोळा करायला खाली बसला आणि तिथंच बसून राहिला. मग उठून गेला. मी मागं गेलो. रस्त्यावर त्यानं मला गच्च धरलं आणि म्हणाला, "तू तिसऱ्यांदा का बोलला न्हाईस रे? मी मूर्ख आहे, तुला ठावं हुतं की!"

आणखी एक लिहितो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात मी वाशीला होतो. नव्हतो. मी भूममध्येच होतो, घरात, कडी लावून. तुमच्या दुकानाचा धूर आमच्या माळवदावरून दिसत होता. बॅटऱ्यांचा डांबरी धूर वेगळा असतो, तो मी ओळखला. बाबामियाँ मागल्या खोलीत आजारी पडून आहेत हे मला माहीत होतं. मी कडी काढली नाही. तुम्ही वडलांना पाठीवर घेऊन निघालात आणि ते नळदुर्गच्या पुढं पोचले नाहीत, हे मला वजीरनं सांगितलं. तोवर मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

माफी मागत नाही. मागायला तोंड लागतं.

बब्रुवान

*

सोलापूर, २९ जून १९५८

उस्ताद,

आज प्रेमावहिनी लोहाऱ्याला गेल्या, आईबरोबर. वीरप्पा त्यांना मुरूमला न्यायला तयार होता. वहिनी म्हणाल्या, "आधी मला आईच्या घरात चालायला शिकू द्या. तितल्या भिंती मला पाठ हायेत. मग बघू." तो हो म्हणाला.

परवा दुपारी मी एकटा त्यांच्याजवळ होतो. मथुराबाई नळावर गेली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्याची कातडी अजून लाल आहे. एकदम म्हणाल्या,

"भाऊ, एक इचारू? त्ये फुटनार हुतं, ह्ये तुमाला ठावं हुतं का?"

मी म्हणालो, "फुटू शकतं हे ठाऊक होतं. माझ्या उस्तादांनी कागदावर लिहून पाठवलं होतं."

"त्यो कागद कुनाला दावला?"

"मालकांना."

"आन् त्यो नेम? इंजन बंद, दारं उघडी, आरदा तास?"

"तो पण मालकांना सांगितला."

वहिनी भिंतीपासून सरळ झाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग मला सांगायचं हुतं की, भाऊ. त्याच्यावर निजत मी हुते."

रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. एखादी सोपी गोष्ट माणसाला सुचली कशी नाही, याचं नवल वाटावं तशा म्हणाल्या. खरंच, उस्ताद, मला सुचलीच नव्हती. तीन महिने त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. माइकवर फुंकर मारू नका हे सांगितलं. पण हे नाही. मालकाला सांगितलं म्हणजे सांगून झालं, असं मी धरून चाललो. त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्याच दिवशी बॅटऱ्या उचलून बाहेर ठेवल्या असत्या. वीरप्पा बायकोच्या शब्दाबाहेर नाही.

तेव्हापासून दोन दिवस मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून आता उरलेलं लिहितो. घरात कडी लावून बसलो होतो हे खरं, पण ते सगळं खरं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी रामलिंग न्हाव्याकडं दाढीला बसलो होतो. बाहेरगावची चार माणसं आली होती, आपल्याकडचे दोघं त्यांच्याबरोबर होते. उद्या बॅटरीवाल्यापासून सुरुवात करायची, असं बोलत होते. मी तोंडाला साबण लावून बसलेला. मला त्यांनी ओळखलं नाही. तिथून मी तुमच्या दुकानात आलो. आठवतंय का? तुम्ही तेजाबाच्या बरण्या मांडत होतात. बाबामियाँ आतून खोकत होते. तुम्ही म्हणालात, "आज मुंडी खाली का रे, बब्रू?" मी म्हणालो, दाढीला कापलंय. हात धुतले, "येतो उस्ताद" म्हणालो आणि निघालो. अख्खी संध्याकाळ तुमच्या हातात होती. टांगा मिळाला असता. वडलांना घेऊन निघाला असतात. मी सांगितलं असं कुणाला कळलं तर माझं काय होईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

हे मी कुणालाच बोललो नव्हतो. तुम्हीही मला भित्रा एवढंच समजत असाल. तेवढंच समजू द्यावं असं फार वाटलं. पण परवाच्या त्या एका वाक्यानंतर ते पोटात ठेवता येईना. तुम्ही हे पत्र भाबीजानला वाचून दाखवा. त्यांचे ते सासरे होते, त्यांनाही कळायला पाहिजे. मला काही लिहू नका. लिहिलंत तरी मी वाचू शकेन असं नाही.

एसटी सकाळी आठची होती. मथुराबाई बोचकं घेऊन आधी चढली. वहिनी दाराशी उभ्या होत्या. कंडक्टर घाई करत होता, मागून माणसं ढकलत होती. मी त्यांचा दंड धरायला हात पुढं केला. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे. म्हणाल्या,

"हात नगं, भाऊ. पायरी कुठं हाय त्ये सांगा."

मी सांगितलं. म्हटलं, तुमच्या उजव्या पायापुढं वीतभर, गुडघ्याएवढी उंच. आता दुसरी. दांडा डाव्या हाताला आहे. तिसरी पायरी झिजलीय, पाय आतल्या बाजूनं टाका.

त्यांनी टाकला.

बब्रुवान